सृष्टिसंगीतांतील बेसूर

नादब्रह्माची कल्पना आमच्या वाचकांस नवी नाहीं. इंग्लंडांतील प्राध्यापक टॉल्किन यांनीं आपली कल्पित सृष्टीहि नादांतूनच निर्मिली. १९१६ सालीं फ्रान्समधील सोमच्या रणांगणावरून ते आजारी होऊन परतले. त्याच वर्षीं त्यांचे दोन जिवलग मित्र युद्धांत पडले. त्या सुमारास आरंभिलेल्या कथा त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ सालीं, ‘सिल्मरिलियन’ ग्रंथांत प्रसिद्ध झाल्या. तींत इलूवतार हा परमेश्वर दिव्य गायकांकरवीं विश्वाचें संगीत सिद्ध करवितो. त्यांतील मेल्कोर गर्वानें भलताच सूर लावतो. पुढें पश्चिमेस देवभूमि व उत्तरेस त्याचें दुर्गम राज्य, असें वैर युगानुयुगें चालतें. परंतु इलूवतार तो बेसूर पुसून टाकीत नाहीं. त्यासच अधिक गंभीर संगीतांत गुंफून घेतो. दुःख न नाकारतां श्रद्धा राखण्याची ही रीत आम्हांस मोलाची वाटते.