मार्शलिंग (संगणकशास्त्र)

मार्शलिंग म्हणजे आज्ञावलीच्या एका क्षेत्रातील ऑब्जेक्ट दुसऱ्या, विलग क्षेत्रातून वापरता यावे यासाठी केली जाणारी प्रक्रिया होय. विलग क्षेत्रांना एकमेकांच्या मेमरीतील पत्ते थेट वापरता येत नाहीत. त्यामुळे सीमेपलीकडे ऑब्जेक्टची प्रत पाठवावी लागते (मूल्याने) किंवा मूळ ऑब्जेक्टपर्यंत पोहोचवणारा प्रतिनिधी द्यावा लागतो (संदर्भाने).

पार्श्वभूमी

ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र मेमरी देते. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये एकाच प्रोसेसमध्ये अशी अनेक विलग क्षेत्रे निर्माण करण्याची सोय होती. त्यांना 'ॲप्लिकेशन डोमेन' म्हणतात. एक डोमेन बंद करून त्यातील कोड मेमरीतून काढता येई व उर्वरित डोमेन चालू राहत. जावा भाषेतील रिमोट मेथड इन्व्होकेशन (१९९७) या तंत्रातही मूल्य आणि संदर्भ असा भेद आढळतो.

मूल्याने हस्तांतरण

'सीरियलायझेबल' असे चिन्हांकित केलेल्या ऑब्जेक्टमधील माहितीचे बाइटच्या क्रमात रूपांतर होते आणि पलीकडच्या डोमेनमध्ये त्यावरून नवे ऑब्जेक्ट तयार केले जाते. त्यानंतर दोन्ही ऑब्जेक्टचा परस्परांशी संबंध उरत नाही. प्रतीवरील पुढील क्रिया स्थानिक असल्याने जलद होतात. मात्र संबंधित टाइपची असेंब्ली दोन्ही डोमेनमध्ये लोड करावी लागते.

संदर्भाने हस्तांतरण

'मार्शलबायरेफऑब्जेक्ट' या क्लासपासून वारसा घेतलेले ऑब्जेक्ट मूळ डोमेनमध्येच राहते. पलीकडे केवळ प्रॉक्सी मिळते व तिच्यावरील प्रत्येक कॉल मूळ ऑब्जेक्टकडे पाठवला जातो. त्यामुळे प्रत्येक कॉलचा खर्च वाढतो. अशा ऑब्जेक्टचे आयुष्य 'लीज'ने ठरते. सुरुवातीची मुदत सर्वसाधारणपणे ५ मिनिटांची असते आणि ती संपत आली असता झालेला कॉल ती किमान २ मिनिटांपर्यंत वाढवतो. मुदत संपल्यानंतर केलेला कॉल अयशस्वी होतो. यांपैकी कोणतीही सोय नसलेले ऑब्जेक्ट सीमेपलीकडे पाठवल्यास त्रुटी उद्भवते.

निवडीचे परिणाम

समजा, चिखला येथील मँगनीज खाणीसारख्या एखाद्या खाणीच्या साठ्याची नोंद एका डोमेनमध्ये आहे व तीत ५०० टन दाखवले आहेत. दुसऱ्या डोमेनमधील आज्ञावलीने रवाना झालेले २० टन वजा केले. नोंद मूल्याने दिली असल्यास प्रतीत ४८० टन होतात, पण मूळ नोंदीत ५०० टनच राहतात. संदर्भाने दिली असल्यास मूळ नोंदच ४८० टन होते. पहिल्या स्थितीत कोणतीही त्रुटी दर्शवली जात नाही, म्हणून अशी चूक उशिरा लक्षात येते. सामान्यतः न बदलणारी, लहान माहिती मूल्याने आणि सामायिक, बदलती स्थिती संदर्भाने देणे योग्य ठरते.

सद्यस्थिती

२०१६ मध्ये आलेल्या डॉटनेट कोरमध्ये नवे ॲप्लिकेशन डोमेन तयार करण्याची सोय वगळण्यात आली. विलगतेसाठी आता स्वतंत्र प्रोसेस किंवा कंटेनर वापरले जातात. त्यांच्यातील संदेश बहुधा प्रतीच्या स्वरूपात जात असल्याने मूळ नोंद कोणाकडे आहे, हे ठरवणे तेथेही आवश्यक असते.