पणजीच्या ग्रंथालयाची जुनी वास्तू : एक उपयोगांतर

मराठी वाङ्मयेतिहासात ग्रंथालयाचा उल्लेख येतो तो बहुधा संस्थांच्या यादीत. ते ज्या वास्तूत नांदले तिचा विचार क्वचितच होतो. पणजीच्या आझाद मैदानालगतची 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा'ची वास्तू या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पोर्तुगीज राजवटीने १८३२ साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केले. पुण्याची 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली ती १८४८ साली, हे येथे लक्षात घ्यावे. १८३५ मध्ये गोव्यातील धर्मसंघ बरखास्त झाल्यावर मठांतील ग्रंथ या संग्रहात आले. पुढे तो ज्या वास्तूत स्थिरावला, तीही मूळची लष्करी बराकींचाच भाग होती. म्हणजे 'उपयोगांतर' ही या ग्रंथालयाच्या चरित्रातील नवी घटना नव्हे. मठांचे ग्रंथ आणि सैनिकांचे छप्पर यांवरच ते उभे राहिले.

याच वास्तूत १८७१ साली स्थापन झालेली 'वास्को द गामा' ही विद्वत्संस्था होती. मुक्तीनंतर, १९६३ साली, तिला राष्ट्रवादी पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव मिळाले. २०११ मध्ये ग्रंथालय पाटो येथील नव्या इमारतीत गेले. जुनी वास्तू कलादालन, सभागृह आणि संस्थेचे साहित्यिक-सांस्कृतिक उपक्रम यांच्यासाठी उरली.

वास्तू ओस पडली नाही, ही समाधानाची गोष्ट खरीच. पण या स्थलांतरात काही तुटलेही. वाचन आणि चर्चा हे वाङ्मयव्यवहाराचे दोन व्यापार येथे एका छपराखाली चालत होते. वर्तमानपत्र चाळायला आलेल्या वाचकाला व्याख्यानाचा आवाज ऐकू यावा, ही शक्यता जागेच्या अशा सान्निध्यातूनच निर्माण होते. प्रशस्त दालने आणि अद्ययावत सोयी यांनी ती भरून निघत नाही.

नव्या ग्रंथालयाला कृष्णदास शामा यांचे नाव आहे. १५२६ साली त्यांनी आरंभिलेली ओवीबद्ध 'श्रीकृष्णचरित्रकथा' गोमंतकात नव्हे, तर पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात, रोमी लिपीतील हस्तलिखितात टिकून राहिली. इकडे जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासो यांच्या निळ्या चित्रफरशांवर कामोंइशच्या 'लुसियाद' महाकाव्यातील प्रसंग आहेत. ग्रंथ हलवता आले. या फरशा भिंतीतच राहिल्या. चित्रप्रदर्शनाला येणारा आजचा प्रेक्षक त्यांच्यासमोरूनच आत जातो.