घरात मराठी, मैदानात द्रविड
बेंगळुरूतल्या चामराजपेटच्या ईदगाह मैदानावर पोरांचं टेनिस बॉल क्रिकेट बघताना हटकून राहुल द्रविड आठवतो. जन्म इंदूरचा (११ जानेवारी १९७३), वाढला बेंगळुरूत, घरात मराठी. वडील जॅमच्या कंपनीत, म्हणून टोपणनाव 'जॅमी'!

फलंदाज द्रविडवर लोक भरभरून बोलतात, कर्णधार द्रविडवर फारसं नाही. मला हा अन्याय वाटतो. २५ कसोटींत ८ विजय, ६ पराभव. आकडे साधेच दिसतात. पण २००६ ची जमैका कसोटी आठवा. सबायना पार्कची खेळपट्टी म्हणजे फलंदाजांची परीक्षाच. भारत २०० आणि १७१, त्यात कर्णधाराच्या ८१ आणि ६८. मग कुंबळेचे सहा बळी आणि ४९ धावांनी विजय. वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकायला ३५ वर्षं लागली होती! त्याच डिसेंबरात जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेतला पहिला कसोटी विजय, २००७ मध्ये इंग्लंडमध्येही मालिका. वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकणारा त्याआधीचा भारतीय कर्णधार कोण? १९७१ चा अजित वाडेकर. तोही आपलाच.

वेस्ट इंडिजमधल्या २००७ च्या एकदिवसीय विश्वचषकात पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला, हेही खरं. त्याच सप्टेंबरात त्याने कर्णधारपद सोडलं. त्याच वेस्ट इंडिजमध्ये, बार्बाडोसला, २९ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषक हाती आला, तो प्रशिक्षक म्हणून.