बाजारातला हिशेब आणि फळ्यावरचे गणित
(शाळा आणि संशोधन : लेखांक सहावा)

मागील लेखांकात शिक्षणशास्त्राचे संशोधन आणि प्रत्यक्ष शाळा यांच्यामधील अंतराचा सर्वसाधारण विचार केला होता; तेच अंतर या खेपेस एका विशिष्ट स्थळी आणि गणित या एकाच विषयापुरते तपासून पाहावयाचे आहे. ते स्थळ म्हणजे पूर्व नागपुरातील कळमना. येथील बाजार समितीच्या आवारात धान्य, मिरची, भाजीपाला आणि फळे यांची घाऊक उलाढाल चालते. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची संत्री उतरू लागली म्हणजे लिलावाची बोली, मापाऱ्याचा काटा, हमालांची ये-जा आणि अडत्याची वही यांनी तेथील सकाळ गजबजून जाते. या आवाराच्या आश्रयाने ज्यांचा चरितार्थ चालतो, त्या हमालांची, हातगाडीवाल्यांची आणि किरकोळ विक्रेत्यांची मुले आसपासच्या शाळांतून शिकतात, आणि शाळा सुटल्यावर त्यांतील काही आईबापांच्या ठेल्यावर बसून गिऱ्हाइकाला उरलेले पैसे बिनचूक परत देतात. असा हिशेब करणारे मूल वर्गात भागाकारापाशी अडते आणि शाळेच्या दप्तरात त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ असा शेरा पडतो, तेव्हा त्या शेऱ्याने नेमके काय मोजले, हा प्रश्न शिक्षणशास्त्राला टाळता येत नाही.

हा प्रश्न शास्त्राने टाळलेलाही नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लीमान या तिघा संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास करून १९८५ साली तो प्रसिद्ध केला. विक्रीच्या प्रसंगात विचारलेले हिशेब या मुलांनी शेकडा ९८ बरोबर केले. त्याच आकड्यांची निव्वळ गणिते कागदावर दिली असता ते प्रमाण शेकडा ३७ पर्यंत घसरले. त्यांतील बारा वर्षांच्या एका नारळविक्या मुलाचे उदाहरण प्रत्येक गणितशिक्षकाने बारकाईने पाहण्याजोगे आहे. पस्तीसाला एक याप्रमाणे चार नारळांचे किती, असे विचारताच त्याने तिहींचे एकशे पाच मनात धरले, त्यांत आधी तीस आणि मग पाच मिळवून एकशे चाळीस हे उत्तर दिले. तोच ३५ गुणिले ४ असा गुणाकार कागदावर मांडला तेव्हा त्याने पाच चोक वीस म्हणून दोन हातचे घेतले, ते दोन तिनात गुणाकाराच्या आधीच मिळवून पाच केले, पाचाला चाराने गुणले आणि दोनशे हे उत्तर लिहिले. पहिल्या रीतीत पस्तीस ही संख्या आरंभापासून अखेरपर्यंत पस्तीसच राहिली होती; दुसऱ्या रीतीत मात्र तिचे ‘तीन’ आणि ‘पाच’ असे सुटे अंक झाले, त्यांपैकी तीन म्हणजे तीस ही जाणीव लोपली आणि हातचा केव्हा मिळवावयाचा एवढाच, अर्थापासून तुटलेला नियम शिल्लक राहिला. म्हणून या मुलाला गणित येत नाही असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. स्थानिक किमतीची लेखी मांडणी त्याच्या मनातील संख्याज्ञानाशी कोणी जोडून दिली नव्हती.

पाच मुलांवरून केवढा सिद्धांत उभारावा, ही शंका वाजवी होती. तिचे उत्तर चाळीस वर्षांनी आपल्याच देशातून आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची, तसेच तुलनेसाठी ४७१ शाळकरी मुलांची परीक्षा घेतली, आणि २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलकात्याच्या पहिल्या गटातील मुलांनी अनेक पायऱ्यांचे व्यवहार बहुतांशी अचूक केले, परंतु तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे गणित त्यांतील शेकडा ३२ मुलांनाच सोडवता आले. मात्र या अभ्यासाचे खरे मोल त्याच्या दुसऱ्या बाजूत आहे, असे मला वाटते. बाजारात काम न केलेली शाळकरी मुले कागदावरच्या गणितात पुढे होती, तरी व्यवहारातला हिशेब समोर येताच तीही तितकीच अडखळली. म्हणजे तुटलेपण दोन्ही अंगांनी आहे. ठेल्यावरचे ज्ञान शाळेत पोहोचत नाही आणि शाळेतले ज्ञान ठेल्यापर्यंत जात नाही.

जुन्या मराठी शाळेत स्थिती काहीशी निराळी होती. पंतोजी पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी पाठ करून घेत, आणि आणे-पै, शेर-मण यांच्या व्यवहारात तीच कोष्टके पेठेत उपयोगी पडत. त्या घोकंपट्टीचे आणि तिच्यासोबत येणाऱ्या छडीचे समर्थन कोणी करू नये; तथापि शाळेतला पाढा आणि दुकानातला हिशेब यांची तेथे रोज गाठ पडत असे, हे मान्य करावे लागते. १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटरची मापे रूढ झाली. हा बदल सर्वथा इष्ट होता, परंतु पावकी-दिडकीचे प्रयोजन सरल्यावर त्या जागी व्यवहाराशी सांधा जुळवणारे दुसरे काही शाळेने हेतुपूर्वक उभे केले नाही.

असा सांधा संशोधन आणि शाळा यांच्यात जुळवण्याचा यत्न ज्यांनी केला, त्यांची परंपरा महाराष्ट्रात क्षीण असली तरी खंडित नाही. जे. पी. नाईक यांनी १९४८ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संशोधनसंस्था स्थापन केली आणि पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून धोरणाच्या पातळीवर हेच काम केले. १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली, आरंभीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांबरोबर विज्ञानशिक्षणाचे प्रयोग केले. मॅक्सीन बर्नसन यांची गोष्ट तर या दृष्टीने विशेष आहे. फलटणच्या बोलीवर पीएच.डी.चे संशोधन करणाऱ्या या अमेरिकन विदुषी प्रबंध लिहून परत न जाता फलटणलाच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि तेथील वंचित मुलांना वाचावयास शिकवता शिकवता त्यांनी कमला निंबकर बालभवन ही शाळा उभारली. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात नीलेश निमकर आणि त्यांची ‘क्वेस्ट’ संस्था हेच काम आज करीत आहेत. गणितापुरते पाहता, होमी भाभा केंद्रातील अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीत केलेला अभ्यास कळमन्याला सर्वांत जवळचा आहे. घरगुती उद्योगांत हातभार लावणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलांपाशी मापनाचे आणि तोंडी हिशेबाचे ज्ञान आहे, पण ते प्रत्येकाच्या कामाप्रमाणे भिन्न आणि तुटक आहे, असे त्यांना आढळले. याचा शिक्षकाच्या दृष्टीने अर्थ असा, की ‘बाजारातील मुलांसाठी’ म्हणून एक ठरावीक पाठ छापून सर्व शाळांना धाडता येणार नाही. समोरच्या मुलाला काय येते, हे त्या त्या शिक्षकालाच शोधावे लागेल.

नागपूरकरांना हा विचार अपरिचित नसावा. येथून जवळच वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम जन्मली, आणि उद्योगाच्या अनुषंगाने विषय शिकवण्याची समवाय पद्धती सेवाग्रामात प्रत्यक्षात आली. शहरातही महापालिकेच्या शाळांतील मुले ‘अपूर्व विज्ञान मेळाव्या’त साध्या साहित्याचे प्रयोग स्वतः करून प्रेक्षकांना समजावून देतात. फरक एवढाच, की सेवाग्रामला टकळी शाळेत न्यावी लागली. कळमन्याच्या मुलाच्या हाती तराजू आधीच आलेला आहे. त्यावरून मुलांच्या श्रमाचा गौरव करण्याचा अनर्थ मात्र कोणी करू नये. मुलाची जागा शाळेत आहे, बाजारात नव्हे; आणि ज्याच्यावर बाजाराची वेळ आलीच आहे, त्याने तेथे कमावलेली बुद्धी शाळेच्या दारात निरुपयोगी ठरू नये, इतकेच येथे म्हणावयाचे आहे.

मग हे काम कोणाचे? १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून निघालेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे शिक्षक-प्रशिक्षणाबरोबर संशोधनही सोपवलेले आहे, आणि केंद्रप्रमुख हा शाळाशाळांतून फिरणारा अधिकारी मूलतः शैक्षणिक मार्गदर्शनासाठीच नेमलेला असतो. संशोधन आणि वर्ग यांच्यामधली जागा याच मंडळींची आहे. परंतु परिपत्रके पोहोचवणे, माहितीचे तक्ते भरून घेणे आणि अहवाल वरच्या कचेरीत रवाना करणे यांत त्यांचा बराच वेळ खर्ची पडतो. संशोधन हुकमाच्या रूपाने वरून खाली आले, की त्याची अंमलबजावणी तेवढी होते, त्याची प्रचीती कोणालाच येत नाही. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत एखादा तास तरी मुलांनी सोडवलेल्या गणितांच्या वह्या उघडून, हे उत्तर त्याने कसे काढले असेल, एवढ्याच चर्चेला दिला गेला, तर ती परिषद आपल्या नावाला पात्र ठरेल.

पाठाचे स्वरूप अवघड नाही. पस्तीस रुपये किलोची संत्री चार किलो घेतली तर किती, हे मुलाला आधी तोंडी सांगू द्यावे. ‘दोन किलोचे सत्तर, आणखी दोनाचे सत्तर’ असे तो म्हणेल, ते त्याच्याच क्रमाने फळ्यावर लिहावे. दुसरे मूल तिसाचे चारपट आणि पाचाचे चारपट वेगळे काढील, तेही शेजारी मांडावे; आणि मग उभ्या मांडणीतला हातचा दोन म्हणजे वस्तुतः वीस आहे, हे त्या दोन रीतींशी ताडून दाखवावे. ज्यांनी बाजार पाहिलेला नाही, त्या मुलांना उलट दिशेने न्यावे. उत्तर लिहिण्यापूर्वी ते शंभराच्या वर जाईल की खाली, याचा अंदाज त्यांच्याकडून घ्यावा. दोन्ही प्रकारची मुले एका बाकावर बसली, तर ती एकमेकांना पुष्कळ शिकवतील.

कळमना, पारडी आणि नागपुरातील अन्य बाजारवस्त्यांच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे, की चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी त्या मुलाला ‘तू हे कसे केलेस’ असे एकवार विचारावे, त्याने सांगितलेली रीत त्याच्याच शब्दांत तारखेसह टिपून ठेवावी, आणि ती वही पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांसमोर व सहकाऱ्यांसमोर अवश्य मांडावी.