काम, शिक्षण, जगणं : ग्रंथपालाच्या नजरेतून पाच पुस्तकं

• गावगाडा (१९१५), त्रिं. ना. आत्रे : बलुतेदार-अलुतेदारांची कामं, हक्क आणि गावाचा व्यवहार.

• स्मृतिचित्रे (१९३४पासून), लक्ष्मीबाई टिळक : लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या बाईचा खुसखुशीत संसार.

• अक्करमाशी (१९८४), शरणकुमार लिंबाळे : अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचं बालपण, भूक, जात आणि शाळा.

• झोंबी (१९८७), आनंद यादव : कागलच्या शेतकरी घरातल्या मुलाची शिक्षणासाठी बापाशी झुंज, साहित्य अकादमी पुरस्कार १९९०.

• कोल्हाट्याचं पोर (१९९४), किशोर शांताबाई काळे : करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचा, तमाशा कलावंतिणीचा मुलगा डॉक्टर होतो.

सुरुवात कुठून? वाचनाची सवय मोडली असेल, तर शेवटचं आधी घ्या. ‘झोंबी’ जाडजूड आहे. ती सुट्टीसाठी ठेवा.