श्वास मोजणारे मणी

घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत स्वतःचे श्वास मिनिटभर मोजा. शांत बसला असाल तर ते सोळा ते वीसच्या आसपास भरतील. घरात एखादे तान्हे झोपले असेल, तर त्याच्या पोटाच्या वरखाली होण्याकडे नजर ठेवून त्याचेही मोजा. चाळिशीपर्यंत ते सहज जातात. पण बाळाला खोकला आहे आणि आकडा पन्नासच्या पुढे गेला, तर?

फुप्फुसात द्राक्षांच्या घोसासारखे असंख्य वायुकोश असतात. हवेतला ऑक्सिजन त्यांच्या पातळ पडद्यातून रक्तात उतरतो. न्यूमोकोकससारखे जंतू तेथे शिरले की वायुकोशांत हवेऐवजी पू व पाणी साचते, आणि फुप्फुस ताठर होते. खोल श्वास घेता येत नाही, म्हणून बाळ उथळ पण भराभर श्वास घेऊ लागते. हाच न्यूमोनिया. आपल्याकडे ‘पोट उडते’, ‘डबा झाला’ असे म्हणतात ते बहुधा यालाच. साध्या सर्दीखोकल्यात श्वासाचा वेग सहसा एवढा वाढत नाही. म्हणजे नुसते श्वास मोजून दोन्हींतला फरक बराचसा कळतो! पापुआ न्यू गिनीत काम करणारे डॉ. फ्रँक शान यांनी १९८० नंतरच्या काळात ही खूण पुढे आणली. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या आईला ती वापरता येईल, गडचिरोलीच्या जंगलातल्या सुईणीलाही. क्ष-किरण यंत्र दोघींच्याही दारात नसते.

गडचिरोलीतच या खुणेची मोठी परीक्षा झाली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. न्यूमोनिया झालेले मूल दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही, तर गावातल्याच माणसांना तो ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले तर मुले वाचतील का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी ५८ गावांत हे काम सुरू केले. आरोग्यसेवक आणि सुइणी यांना शिकवले, आईबापांना आजाराची लक्षणे समजावली, आणि औषध म्हणून को-ट्रायमॉक्साझोल दिले. (आज गावपातळीवर अमॉक्सिसिलिनला पसंती असते.) जवळच्या ४४ गावांत नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली. ही गावे तुलनेसाठी. ती नसती तर मृत्यू औषधामुळे घटले की त्या वर्षी साथच सौम्य होती, हे कोण सांगणार?

निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. उपचार झालेल्या ६१२ रुग्णांपैकी शेकडा ०.८, म्हणजे अवघी पाच मुले दगावली. तुलनेच्या गावांत हे प्रमाण शेकडा १३.५ होते. त्या हिशेबाने ६१२ मधली सुमारे ८२ गेली असती. मात्र ही तुलना जपून करावी. जेथे आजार शोधणारे कोणी नाही, तेथे सौम्य रुग्ण नोंदलेच जात नाहीत, आणि टक्केवारी फुगते. म्हणून मला दुसरा आकडा अधिक पटतो. पाच वर्षांखालील मुलांचे सर्व कारणांनी झालेले मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी ४०.७ होते, प्रयोगाच्या गावांत २८.५. दर हजार मुलांमागे बारा जीव वाचले. औषधाचा खर्च दर मुलामागे वर्षाला अमेरिकी अडीच सेंट!

एक अडचण उरलीच होती. बहुतेक सुइणी निरक्षर. पन्नासपर्यंत न चुकता मोजायचे आणि घड्याळही पाहायचे, हे त्यांना कसे जमावे? त्यासाठी तयार झालेला ‘श्वासमापक’ मला या साऱ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. एका चौकटीत मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालील बाळासाठी सहा मण्यांची ओळ, मोठ्यासाठी पाचांची, आणि दोन्हींत शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. म्हणजे लहान बाळाला साठ आणि मोठ्याला पन्नास ही मर्यादा मण्यांतच गुंफलेली आहे. सुइणीला फक्त दहापर्यंत मोजता आले की झाले. याविषयीचा लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज न्यूमोकोकसविरुद्ध लसही आहे. भारताच्या लसीकरणात ती २०१७ पासून येऊ लागली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. पण सर्वच जंतूंवर लस नाही, म्हणून मोजणे सुटलेले नाही. तुम्ही मोजणार असाल तर बाळ रडत किंवा दूध पीत नसताना मोजा, आणि पूर्ण मिनिटभर. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्यांचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच थांबतो, मग चार-सहा श्वास घाईने येतात. एक ते पाच वर्षांच्या मुलाला आता चाळीस हीच मर्यादा धरतात. आकडा त्याला पोहोचला किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता मुलाला दवाखान्यात न्यायचे. गावोगावच्या आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटीला येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत तापमापक आणि वजनकाट्याबरोबर घड्याळ असते, ते याच मोजणीसाठी.