इंग्रजीचा मास्तर आपल्याच गावचा का नसावा?

नाकाडोंगरी (ता. तुमसर) : वाचकहो, तुमसरहून कटंगीच्या रस्त्याने निघालात की गोबरवाही मागे पडते आणि पुढे नाकाडोंगरी लागते. आणखी पुढे बावनथडी नदी, अन् नदी ओलांडली की मध्य प्रदेश. अशा हद्दीवरच्या गावातलं पोर शाळेत जायच्या आधीच दोन-तीन भाषा तोंडात घेऊन येतं. घरी कुणाकडे झाडीबोली, कुणाकडे पोवारी, कुणाकडे गोंडी. बाजारात हिंदी. शाळेत गेलं की पुस्तकातली मराठी. आणि जून २००० पासून राज्यात पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली, तेव्हा तीही आली.

तसं पाहिलं तर इंग्रजी या भागाला नवी नाही. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीजच्या खदानी गोऱ्या साहेबांच्या काळापासूनच्या. १८९६ साली सुरू झालेल्या ब्रिटिश कंपनीची १९६२ साली 'मॉइल' झाली, पण शिफ्ट, ब्लास्टिंग, पेमेंट, ओव्हरटाइम हे शब्द मजुराच्या बोलण्यात केव्हाच मुरले होते. शब्द आले, पण भाषा आली नाही. दहावी-बारावीचा निकाल लागला की आजही गावोगावी एकच वाक्य ऐकू येतं, "बाकीत निघाला, पन इंग्रजीत गेला."

मग प्रश्न पडतो. इंग्रजीची भीती घालवणारा मास्तर बाहेरूनच का यावा? तो आपल्याच गावचा का नसावा? व्हायचं असेल तर वाट कोणती, खर्च काय, धोका कुठे, हे आज जरा सविस्तर पाहू. कारण यात पोराची सहा-सात वर्षं आणि बापाची कमाई गुंतलेली असते.

बी.ए.ला इंग्रजी म्हणजे नेमकं काय?

बारावी झाल्यावर घरात जो संवाद होतो तो तुम्हाला माहीत आहेच. "बी.ए. करून का करशीन बाबू? त्यापरीस खदानीत लाग." बापाचं चुकतं असंही नाही. नुसती डिग्री घेऊन घरी बसलेले त्यानं पाहिलेले असतात.

आपला जिल्हा नागपूर विद्यापीठात येतो. हे विद्यापीठ १९२३ सालचं. त्याआधी नागपूरच्या कॉलेजांच्या परीक्षा अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. तुमसरचं एस. एन. मोर महाविद्यालय किंवा भंडाऱ्याचं जे. एम. पटेल महाविद्यालय इथं आपली मुलं जातात ती याच विद्यापीठाची. बी.ए.ला वर्षानुवर्षं इंग्रजी दोन तऱ्हेनं शिकवली गेली. एक 'कंपल्सरी', म्हणजे सगळ्यांना सक्तीची. दुसरी 'लिटरेचर', म्हणजे आपण होऊन निवडलेला विषय. इंग्रजीचा मास्तर व्हायचं तर हा दुसरा विषय घ्यावा लागतो, आणि पोरं नेमकी तिथंच बिचकतात. नव्या शैक्षणिक धोरणानं आता मुख्य आणि दुय्यम विषय अशी वेगळी मांडणी आणली आहे. म्हणून प्रवेश घेतानाच प्राध्यापकांना विचारा, "सर, इंग्रजी मुख्य विषय म्हणून कशी मिळेल?" विचारायला लाजू नका. एकदा चुकीचा विषय घेतला की पुढं बदलणं जड जातं.

या विषयात काय असतं? शेक्सपिअरची नाटकं असतात, वर्डस्वर्थच्या कविता असतात. त्यांनी घाबरून जाऊ नका. आपल्याकडच्या लेखकांचं इंग्रजीही असतं. आर. के. नारायण यांचं मालगुडी हे काल्पनिक गाव आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा फार निराळं नाही. मुल्कराज आनंद यांच्या कादंबरीतला सफाई कामगाराचा पोरगा आपल्याला परका वाटत नाही. याशिवाय व्याकरण, उच्चारशास्त्र आणि भाषेचा इतिहास असतो.

बिघडतं ते गाइडमुळे. मूळ कादंबरी उघडायचीच नाही, तीस पानांचं गाइड पाठ करायचं आणि पेपर काढायचा, असं केलं तर डिग्री मिळते, पण भाषा येत नाही. पुढं वर्गात उभं राहिल्यावर चाळीस पोरांसमोर गाइड उघडून चालत नाही. म्हणून एक साधा नियम पाळा. रोज दोन पानं मुळातून वाचा. अडलेला शब्द वहीत लिहा. एस.टी.ची वाट पाहतानाही दोन पानं होतात.

आपली बोली आड येते की कामी येते?

लोक म्हणतात, खेड्यातल्या पोराला इंग्रजी जमत नाही कारण त्याची बोली आड येते. आम्हाला हे अर्धंच खरं वाटतं. बोली आड येते, पण ती कुठं आड येते हे ज्याला कळतं तोच चांगला मास्तर होतो.

उदाहरण घ्या. झाडीबोलीत 'श'चा 'स' होतो, 'ळ'चा 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो. डोळ्याला आपण डोरा म्हणतो. आता इंग्रजीत 'शिप' म्हणजे जहाज आणि 'सिप' म्हणजे घोट. 'शीट' म्हणजे कागदाचा ताव आणि 'सीट' म्हणजे बसायची जागा. पोर दोन्ही सारखंच म्हणतं. बाहेरचा मास्तर म्हणेल, याची जीभ जड आहे. गावचा मास्तर म्हणेल, घरच्या बोलीत हा फरकच नाही, तर त्याच्या कानाला तो कसा कळणार? आधी कानाला ऐकवू, मग जिभेला वळवू.

दुसरं पाहा. मराठीत टेबल ते, खुर्ची ती आणि पंखा तो. म्हणून पोर इंग्रजीत खुर्चीला 'शी' म्हणतं. त्याला मूर्ख म्हणायचं कारण नाही, ते आपल्या भाषेच्या नियमानं चाललेलं असतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते मध्ये येतं. आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' मागाहून जोडतो. इंग्रज आधी 'ऑन' म्हणतो, मग टेबल. 'मला माहीत आहे' यातला 'आहे' पोर तसाच उचलतं आणि 'आय ॲम नोइंग' म्हणतं. या प्रत्येक चुकीमागे कारण आहे, आणि ते कारण पोराची भाषा जाणणाऱ्यालाच दिसतं. नाकाडोंगरीच्या पोराजवळ ही शिदोरी आधीच आहे. पुण्या-मुंबईच्या मास्तराला ती मुद्दाम कमवावी लागेल.

आपल्या आजोबांच्या पिढीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकत, म्हणजे मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. मग वाक्यांचे साचे घोटून घ्यायची पद्धत आली. पुढं 'आधी बोलू द्या, चुका मागाहून सुधारा' असा विचार आला. बी.एड.ला या सगळ्या पद्धती शिकवतात. पण कोणतीही पद्धत घ्या, पोराची बोली हिणवून इंग्रजी शिकवता येत नाही.

पुढची शिडी

आता कामाचं बोलू. इथली प्रत्येक पायरी नीट पाहून चढा.

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतरची डी.एल.एड., म्हणजे जुनी डी.एड., लागते. बी.एड. केलेल्यांना प्राथमिक वर्गांवर घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. तेव्हा "बी.एड. केलं की कुठंही लागता येते" हा समज काढून टाका.

हायस्कुलात इंग्रजी शिकवायची तर बी.ए. आणि बी.एड. हवं. बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. प्रवेशासाठी राज्याची सी.ई.टी. द्यावी लागते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. बी.ए. 'कसंतरी काढलं' तर हे दार तिथंच बंद होतं. म्हणून पहिल्या वर्षापासूनच टक्क्यांवर लक्ष ठेवा. बी.एड.ला पाठ टाचण काढून शाळेत प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात. ते उरकायचे म्हणून उरकू नका. मास्तर घडतो तो तिथंच.

ज्युनिअर कॉलेजला एम.ए. आणि बी.एड. लागतं. सीनिअर कॉलेजला एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०, आणि त्यावर नेट किंवा सेट. ज्यांना रोज नागपूर गाठणं शक्य नाही त्यांच्यासाठी 'इग्नू'सारख्या मुक्त विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. करायची सोय आहे.

नोकरीसाठी आणखी दोन परीक्षा आहेत. पहिली ते आठवीसाठी टी.ई.टी. ही राज्यात २०१३ पासून सुरू झाली. दीडशे गुणांची असते, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. तिचं गांभीर्य किती, ते यावरून समजा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नोकरीत असलेल्या आणि पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत पास व्हायला सांगितलं. दुसरी परीक्षा अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, जिला सगळे 'टेट' म्हणतात. तिच्या गुणांवर 'पवित्र' पोर्टलमधून भरती होते. दोनशे प्रश्न, दोन तास. त्यात इंग्रजीवरही प्रश्न असतात, तिथं तुमचा विषय कामी येतो.

इथं सावध राहा

वाचकहो, आता कडू बोलतो. मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरती बंद झाली. 'टेट' पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसऱ्यांदा २०२३ मध्ये आणि तिसऱ्यांदा २०२५ मध्ये. पहिल्या दोन परीक्षांच्या मधे पाच वर्षांहून जास्त काळ गेला. या काळात बी.एड. करून बसलेल्यांचं काय झालं, ते तुम्ही गावात पाहिलंच आहे. कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी कंपनीत गेलं, कुणी परत रोवण्याला बांधीत उतरलं. कुणी विनाअनुदानित शाळेत 'आज ना उद्या अनुदान येईल' म्हणून वर्षानुवर्षं राबलं. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचीही हीच गत.

नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ साली हे मानधन वाढलं तेव्हा माध्यमिकला महिना १८ हजार रुपये झालं.

त्यातून आणखी एक रोग आहे. "अमुक लाख द्या, पोराला संस्थेत चिकटवून देतो" म्हणणारा माणूस तुम्हालाही भेटला असेल. त्याच्या नादी लागून धुऱ्यालगतची दोन एकर विकू नका. ऑर्डर आली तरी तिला मान्यता मिळेल याची खात्री नाही, आणि पैसे परत मिळतील याची तर मुळीच नाही. बापहो, जमीन ठेवा आणि पोराला पुस्तकं घेऊन द्या.

मग इंग्रजी घ्यायचीच कशाला? घ्यायची, कारण या विषयाला एकच दार नाही. स्पर्धा परीक्षा, बँक, भाषांतर, पत्रकारिता, कोर्टकचेरी, सगळीकडे ती लागते. जिल्हा परिषदेच्या शाळांतही सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले, तिथं गणित-विज्ञान इंग्रजीत समजावून सांगणारा माणूस हवाच असतो. फक्त एक करा. मास्तरकी हे ध्येय ठेवा, पण ती लागेपर्यंत पोटापाण्याची दुसरी सोय हाताशी असू द्या.

इंग्रजीचे मास्तर, मराठीचे धनी

काहींना वाटतं, पोरगं इंग्रजीत गेलं की मराठीला मुकलं. त्यांच्यासाठी तीन नावं सांगतो. विंदा करंदीकर कॉलेजात इंग्रजी शिकवत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते. भालचंद्र नेमाडे तर खानदेशातल्या सांगवी या खेड्यातले, त्यांनीही अनेक वर्षं इंग्रजी शिकवली. तिघांनी मराठीला काय दिलं ते जगाला ठाऊक आहे. यातल्या दोघांना, करंदीकर आणि नेमाडे यांना, ज्ञानपीठ मिळालं.

तेव्हा नाकाडोंगरीच्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरा-पोरींनो, यंदा बारावी झाली असेल तर विचार करा. गावकऱ्यांनीही थोडं करावं. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एक कपाट काढा, त्यात एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश, व्याकरणाचं एक पुस्तक आणि दहा सोप्या गोष्टींची पुस्तकं ठेवा. रोज एक इंग्रजी पेपर येऊ द्या. कॉलेजात इंग्रजी घेतलेल्या पोरानं रविवारी सकाळी तासभर पाचवी-सहावीच्या लेकरांना बसवावं. लेकरांची भीती जाईल आणि शिकवणाऱ्याचा सराव होईल. बी.एड.च्या पाठाची तयारी याहून चांगली होत नाही.

असं झालं तर दहा वर्षांनी एखादं लेकरू वर्गात खुर्चीला 'शी' म्हणेल, आणि फळ्यासमोर उभा असलेला मास्तर त्याला हसणार नाही. कारण कधीकाळी तोही तसंच म्हणत होता.